आठ खिळ्यांचं झाकण

६ नोव्हेंबर १९५६, चिंचवड

पोचलो एकदाचा. भाऊबीज आटपून विजयदुर्गाहून निघालो, बोटीने मुंबई आणि पुढे आगगाडी. गाडीत चौघेजण नव्या द्वैभाषिक राज्यावरून हमरीतुमरीवर आले होते आणि त्यांतल्या एकाचं कांदाभजं माझ्या लेंग्यावर पडलं. एरवी मी दिवसभर धुसफुसलो असतो. पण चिंचवडला उतरून छाती भरून श्वास घेतला आणि राग कुठल्या कुठे गेला. हवेला कसलाच वास नव्हता. मासळी नाही, खाडीचा चिखल नाही, वाळत घातलेली जाळी नाहीत. समुद्र इथून शंभर मैल लांब, आणि मी त्याला मनापासून रामराम केला.

माझा बाप गलबतं बांधायचा. मी सहा वर्षांचा असल्यापासून तो मला गलबताच्या तळात सोडायचा, कारण मोठा माणूस तिथे मावत नसे. तळाशी साचलेलं काळं पाणी, त्यात कुजलेली मासळी, मेलेले उंदीर आणि खलाशांनी आळसाने केलेली घाण. ते करवंटीने उपसायचं आणि वर येऊन ओकायचं, हे माझं बालपण. बाप म्हणायचा, सुताराला नाक नसतं. मला आहे, आणि चांगलं तिखट आहे. म्हणून तर मी गलबतं सोडून ओतकामाचे लाकडी साचे करायला शिकलो.

ज्यांच्याकडे आलो ते नानासाहेब मुंबईच्या गोदीत मोठे अधिकारी होते. आता निवृत्त होऊन पवनेकाठी नवा टुमदार बंगला बांधून राहतात. त्यांचे पूर्वज मराठ्यांच्या आरमारात तांडेल, म्हणजे जहाजाचे कप्तान. ‘जयवंती’ ही त्यांची गुराब, दोन डोलकाठ्यांचं लढाऊ जहाज. तिचा हुबेहूब नमुना मी करायचा. त्यांनी पत्र घातलं होतं माझ्या बापाला, पण बाप गेल्याला तीन वर्षं झाली, तेव्हा मीच आलो. काम झालं की ते मला पुणे रस्त्यावरच्या एका नव्या कारखान्यात चिकटवून देणार, आणि मुख्य म्हणजे कुसुमसाठी पुण्याच्या डॉक्टरीणबाईंना चिठ्ठी देणार. आमचं पहिलं मूल दोन दिवसांचं होऊन गेलं. सुईणीने नाळ कशाने कापली देव जाणे. यंदा तसं होऊ द्यायचं नाही, त्यासाठीच मी एवढ्या लांब आलोय. कुसुमला आता पाचवा लागला आहे. संक्रांतीनंतर तिला घेऊन येईन.

मागच्या अंगणात मला एक खोली राहायला आणि तिला लागून एक कामाला दिली आहे. उत्तरेचा उजेड झकास येतो. नानासाहेब मला यशवंतराव म्हणतात. सुताराला राव म्हणणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला, आणि मला ते आवडलं, खोटं कशाला बोलू.

९ नोव्हेंबर

आज नकाशा पाहिला. जुन्या जाड कागदावर, कुणा पक्क्या हाताने काढलेला. जयवंती लांबीला चाळीस हात. मी माप ठरवलं हाताला इंच, म्हणजे नमुना चाळीस इंचांचा होईल आणि त्यावर उभा केलेला माणूस साडेतीन इंचांचा. नकाशात एक गोष्ट चमत्कारिक दिसली. तळात उतरायच्या भोकाचं झाकण चौकोनी काढलं आहे आणि त्यावर आठ खिळे दाखवले आहेत, बाहेरून मारलेले. तळाचं झाकण कुणी खिळे मारून बंद करत नाही. रोज उपसा करायचा तर ते उघडंच लागतं. मी विचारलं तर नानासाहेब म्हणाले, झाकण बसवा, खिळ्यांचं मग बघू.

त्यांचे पाय आज उजेडात दिसले. गुडघ्यापासून खाली सुजून खांब झालेत, कातडी ताणून चकचकीत, आणि घोट्यांजवळून पिवळसर पाणी सारखं पाझरतं. पाय पितळी परातीत ठेवून ते बोलत बसतात आणि गोजाबाई फडकी बदलून पिळते. गोजाबाई ही त्यांच्याकडे स्वयंपाकपाण्याला असलेली इथलीच म्हातारी. पिळलेल्या फडक्याच्या त्याच हाताने तिने मला चहाचा कप दिला. मी तो कुंडीत ओतला.

१७ नोव्हेंबर

पठाण घातला, म्हणजे जहाजाचा कणा, सागाचा. वाकं म्हणजे फासळ्या, त्याही उभ्या राहिल्या. नानासाहेबांनी एका शब्दाने सांगितलं असतं तर मी भरीव ओंडका कोरून वरून रंग फासला असता. दिवाणखान्यात ठेवायच्या जहाजाला पोट कशाला हवं? पण त्यांना आत पोकळ, फळीला फळी जोडलेली, पाण्यात टाकली तर तरेल अशी हवी आहे. मीही मग हट्टाला पेटलो. बापाच्या नावाला बट्टा लागायला नको.

खिळे आणायला पिंपरीला शौकतच्या दुकानात गेलो. हा लोखंडी सामान आणि सायकलींचे सुटे भाग विकतो, मोठा गप्पिष्ट. म्हणाला, मिस्त्री, जहाज चालवणार कुठं, पवनेत का? मग दाढी खाजवत म्हणाला, पुण्यात सुतार काय कमी हायेत, की साहेबांनी पार विजयदुर्गाहून माणूस उचलून आणला? मी म्हटलं, हात पाहून आणला. मला तेव्हा तेच खरं वाटत होतं.

३० नोव्हेंबर

सांगाडा पुरा झाला. फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठासला आणि बाहेरून चुना व माशाचं तेल खलून लावलं, खऱ्या गलबताला लावतात तसंच. तेलाची बाटली नानासाहेबांनी मुंबईहून मागवली होती. बूच काढलं मात्र, शंभर मैल मागे टाकलेला समुद्र खोलीत येऊन बसला. दोनदा बाहेर जाऊन ओकलो. गोजाबाई नाकाला पदर लावून म्हणाली, आमी न्हाई बाबा त्या खोलीत झाडायला येणार, मढ्याचा वास हाय. मला हसू आलं. पण हात धुऊन धुऊन कातडी सोलवटली तरी वास जात नाही. जेवताना घास तोंडाजवळ आला की तोच वास.

११ डिसेंबर

आज मोठी डोलकाठी उभी केली. आमच्या घरची एक रीत आहे. डोलकाठीच्या बुडाशी बांधणाऱ्याने आपल्या घरातलं काहीतरी ठेवायचं, म्हणजे जहाज घराची ओढ धरतं आणि परत येतं. बाकीचे लोक नाणं ठेवतात. माझा बाप आईच्या मंगळसूत्रातला एक काळा मणी ठेवायचा, आणि त्याचं एकही गलबत बुडालं नाही. निघताना कुसुमने मला एक मणी दोऱ्यात ओवून दिला होता, तिचा आठव म्हणून. तो मी खाचेत ठेवला आणि वर काठी बसवली. सरसाने पक्की केली.

नानासाहेब परात सोडून काठी टेकत बघायला आले होते. बुडाशी काय ठेवलंत, असं त्यांनी विचारलं. मी सांगितल्यावर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, फार चांगली रीत आहे. त्यांच्या तळव्याचा ओलावा सदऱ्यातून लागला. सदरा लगेच धुवायला टाकला.

१४ डिसेंबर

दोर चढवायचं काम सुरू केलं. शौकतकडून छत्रीच्या काड्या आणि सायकलचं जुनं चाक आणून दोर वळायचं यंत्र केलं आहे. चाळीस नंबरचं सूत तिपेडी वळायचं, मेण लावायचं, मग डांबराचा हलका हात. डोलकाठीला दोन्ही बाजूंनी ताण द्यायचे जाड दोर आधी, शीड ओढायचे बारीक दोर नंतर. हे काम मला मनापासून आवडतं. यात घाण नाही.

मात्र आज सकाळी झाकण उचललं तर तळात पाणी होतं. चमचाभर, काळं, वर तेलाचा तवंग. छत गळत असेल म्हणून शिडी लावून कौलं पाहिली. कौलं नवी कोरी, आणि पाऊस गेल्याला दोन महिने झालेत.

१६ डिसेंबर

पुन्हा पाणी, आज दोन चमचे. वास माझ्या ओळखीचा आहे. सहा वर्षांचा असताना ज्यात उतरत होतो तोच. मी ते कापसाने टिपून बाहेर मोगऱ्याच्या बुडाशी टाकलं. संध्याकाळपर्यंत मोगऱ्याची पानं काळी पडली.

नानासाहेबांना सांगितलं. त्यांना नवल वाटलं नाही. जहाज आहे, पाणी धरणारच, रोज उपसत जा आणि नदीला नेऊन ओता, इतकं म्हणाले आणि गोजाबाईला भजी तळायला सांगितली.

२१ डिसेंबर

रोज सकाळी वाटीभर. दोर ओले असतात. वळले तेव्हा कोरडे खडखडीत होते, आता हात लावला की बोटाला शेंबडासारखं काहीतरी चिकटतं आणि वाळलं की मीठ दिसतं. दोनदा सोडून पुन्हा बांधले.

पाण्यात आता वस्तू येतात. आज चहाच्या गाळणीतून गाळलं. तांदळाच्या कण्यांसारखं काहीतरी, बाजरीच्या कणसावरच्या कुसांसारखे केस आणि खसखशीएवढे चपटे पिवळे तुकडे. भिंगाखाली धरले. ती नखं आहेत, कडा झिजलेल्या, काही मुळापासून उपटलेली. हाताला इंच या मापाने मोठ्या माणसाचं नख एवढंच होईल. मी गाळणी फेकून दिली, मग पुन्हा शोधून आणली आणि पुरली. दिवसभर अन्न गेलं नाही.

२७ डिसेंबर

नानासाहेब आज परातीशिवाय बसले होते. पाय उतरलेत. कातडी रिकाम्या पिशवीसारखी लोंबते आहे, पण पाणी पाझरत नाही. त्यांनी दोन वाट्या शिरा खाल्ला आणि मोठ्या खुशीत मला जयवंतीची हकिगत सांगितली.

ऐन पावसाळ्याच्या तोंडावर ती मालाने भरून परतत होती आणि तळाला भगदाड पडलं. आठ जण तळात उपसायला लावले. पाणी छातीला लागलं तसे ते वर यायला बघू लागले. ते वर आले असते तर जहाज बुडालं असतं. मग तांडेलाने, म्हणजे यांच्या पूर्वजाने, झाकण लावून आठ खिळे मारवले. आत ते आठजण कडेला वर असलेल्या मोरीतून पाणी बाहेर फेकत जिवाच्या आकांताने उपसत राहिले, कारण दुसरं करण्यासारखं काही उरलं नव्हतं. जयवंती खाडीत सुखरूप आली. झाकण काढलं तेव्हा आठही फुगून छताला लागले होते. नखं झाकणाच्या आतल्या बाजूला रुतलेली. तेव्हापासून या घराण्यातल्या प्रत्येक कर्त्या पुरुषाच्या अंगात पाणी भरतं. त्यांचा बाप असाच गेला, आजाही असाच. हे सांगून त्यांनी ओठाला लागलेला शिरा जिभेने पुसून घेतला.

जहाज परत आलं, यशवंतराव, हे विसरू नका, असं ते दोनदा म्हणाले. मला त्यांच्याकडे बघवेना. एवढा शिसारी आणणारा माणूस मी आजवर पाहिला नाही, आणि कुसुमची चिठ्ठी त्याच्याच हातात आहे. गप्प बसलो. याचीही शिसारी येते.

२ जानेवारी १९५७

दोर सगळे चढले. शिडं बांधली. जयवंती देखणी झाली आहे, बापाने पाहिली असती तर काही बोलला नसता, म्हणजे त्याला आवडली असती.

पण तळ. आज पाण्यावर साय होती. दुधावर येते तशी, पांढरी, सुरकुतलेली. चमच्याने उचलली तर तिला बोटांचे ठसे. फळीला सुईने टोचलं तर भोकातून केसाएवढी पांढरी अळी वळवळत आली, लाकूड पोखरणारा समुद्रातला किडा. सुक्या सागात, चिंचवडला. तिच्यामागून दुसरी. मग मी मोजणं सोडलं.

हे मी रोज करतो आहे. करवंटीऐवजी चमचा, एवढाच काय तो फरक. ज्याच्यापासून पळालो तेच माझ्या ताटात वाढून ठेवलंय.

५ जानेवारी

पुरे झालं. पंधरा दिवसांत कुसुम येईल. या वासात, या किड्यांत ती आणि पोटातलं पोर राहायचं नाही. आज सकाळी शेवटचं पाणी उपसलं, झाकण घट्ट बसवलं, कडेने राळ ओतली आणि शौकतकडचे पितळी खिळे मारले. नकाशात होते तसेच, आठ. हातोडीचा शेवटचा घाव घालताना आतून काहीतरी हललं असं वाटलं. किडेच असणार. मला बरं वाटलं, अगदी मनापासून बरं वाटलं. नानासाहेबांना विचारलं नाही. जाऊन सांगितलं फक्त. ते खिडकीकडे तोंड करून म्हणाले, तुम्ही कारागीर, तुम्हाला योग्य वाटलं ते केलंत.

१० जानेवारी

वास गेला. दोर कोरडे. पाच दिवस झाले, पोटभर जेवतो आहे. नानासाहेब काठीशिवाय नदीपर्यंत चालत गेले. चिठ्ठीही दिली, आणि कारखान्याचंही पक्कं झालं. उगाच इतके दिवस घाणीत हात घातले. आधीच बंद करायला हवं होतं.

१९ जानेवारी

काल कुसुम आली. मी मुंबईला धक्क्यावर घ्यायला गेलो होतो. शिडीवरून उतरताना तिला ओळखलंच नाही. चेहरा सुजलेला, डोळे बारीक झालेले, बांगड्या मनगटात रुतलेल्या. म्हणाली, दोन आठवड्यांपासून असं होतंय, पाच तारखेला सकाळी एकाएकी पाय जड झाले. मी तारखेकडे लक्ष दिलं नाही. गरोदरपणात सूज येते, सगळ्याच बाया सांगतात.

२१ जानेवारी

डॉक्टरीणबाईंनी पुण्याला तपासलं. मीठ बंद, पडून राहा, मुलाचे ठोके नीट आहेत म्हणाल्या. ठोके नीट आहेत हे तीनदा विचारून घेतलं. पण परतताना गाडीत कुसुमच्या पायाच्या बोटांतून पाणी पाझरू लागलं. शेजारचा माणूस उठून दुसऱ्या बाकावर गेला. मी फडक्याने टिपलं. पिवळं नाही, काळं होतं, आणि वर तेलाचा तवंग. मी ते फडकं खिडकीतून फेकलं. तिच्याच अंगातलं पाणी आणि मला ओकारी आली, आणि तिने ते पाहिलं. ही लाज मी कुठे ठेवू?

२३ जानेवारी

झाकणाला कान लावला. आत काहीच नाही. जहाज उचललं तर हलकं, कोरडं. पाणी तिथे नाही.

ते कुठे आहे ते मला कळलंय. पाच तारखेला मी तिथलं दार लावलं आणि डोलकाठीच्या बुडाशी कुसुमचा मणी आहे. पाण्याला मी घर दाखवलं. माझ्या हातांनी, बापाच्या रीतीने.

नानासाहेबांना तोंडावर विचारलं. ते माझ्या बापाला गोदीच्या दिवसांपासून ओळखत होते, मण्याची रीत त्यांना ठाऊक होती. म्हणून पुण्यातला सुतार नाही चालला. त्यांनी नाकारलं नाही. ते केळं सोलत होते.

२४ जानेवारी

गोजाबाई कुसुमजवळ बसते. आता नाकाला पदर लावत नाही. तिच्या पायांची फडकी पिळते.

कुसुम म्हणते, मूल लाथ मारत नाही. ठोकतं. आतून, मुठीने, दारावर ठोकावं तसं. माझा हात धरून पोटावर ठेवला. मी मोजले. आठ, मग थांबतं. पुन्हा आठ. हाताखालची कातडी चकचकीत, ताणलेली, आणि तिला तो वास. मला हात काढून घ्यावासा वाटला. काढला नाही. एवढं एक तरी केलं.

२५ जानेवारी, सकाळ

गोजाबाई टांगा आणायला स्टेशनाकडे गेली आहे, कुसुमला पुण्याला न्यायचंय. तोवर झाकण उघडतो. डोलकाठी तोडून मणी काढायचा होता, करवत लावली तर दात मोडले, लाकूड दगड झालंय. म्हणजे खिळेच. वही बाकावर ठेवली आहे. दम लागला की लिहितो.

पहिला निघाला. वीस दिवसांचा पितळी खिळा, आणि हिरवा, खाल्लेला, दोनशे वर्षांचा असावा तसा. भोकातून पाणी.

दुसरा. तिसरा. कुसुम पलीकडच्या खोलीतून हाक मारते, हलकं वाटतंय म्हणते. देवा, हलकं वाटतंय म्हणते.

चार. राळेखालून साय वर येते. हातभर किडे. घाण वाटत नाही आता. वाटू देत नाही.

पाच — नानासाहेब दारात. पाय पुन्हा सुजायला लागलेत, चौकटीला धरून उभे आहेत. उघडू नका म्हणतात. म्हणाले, तांडेलाने नुसता हुकूम दिला होता, यशवंतराव, खिळे सुतारानेच मारले होते. आणि या खेपेला तर कुणी हुकूमही दिला नव्हता.

खरं आहे. मला वास येत होता म्हणून मारले. एवढ्यासाठी.

सहा. आतून ठोकतायत. झाकण हलतं —

सात. टांगा आला. गोजाबाई ओरडतेय. बाईचं प्वाट उतरलं म्हणते. सपाट झालं. पानी न्हाई, रगत न्हाई, काय बी न्हाई. पोर बी न्हाई —

पोर बी न्हाई म्हणते —

आठवा निघत नाही. डोकं तुटलं. झाकण एका कोपऱ्यातून उचललं गेलंय आणि फटीतून बोट आलंय. हाताला इंच. खलाशाचं बोट तांदळाच्या दाण्याएवढं असायला हवं. हे तेवढं नाही. हे मापात नाही. गुलाबी आहे, नख अजून मऊ —

दुसरं. चार बोटं. आत पाणी चढतंय, मी चमच्याने उपसतोय, उजव्या हाताने उपसतोय, त्याच हाताने लिहितोय, उपसणं थांबलं की चढतं, थांबायचं नाही, डाव्या हाताचं बोट त्याने मुठीत घट्ट धरलंय, किती घट्ट, सोड रे बाळा, खिळा काढायला हात तरी —